मसाई माराच्या नावाखाली ८ लाख ६० हजार: स्वस्त फोटो टूर घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

आधी आकडे लिहिते, कारण "गेले असतील थोडेफार" असं म्हणून विषय संपवणारे फार भेटले. आम्ही दोघं, माझी नणंद आणि तिचे यजमान अशा चौघांचे मिळून ८,६०,००० रुपये आम्ही इथे भारतात भरले. केन्यात पोचल्यावर त्याच सफारीसाठी परत ३,१७,१२२ रुपये मोजावे लागले. नैरोबीत नाइलाजाने काढलेल्या रात्रींचे ४१,३०० वेगळे. मसाई मारात सहा रात्री ठरल्या होत्या, मिळाल्या तीन. आणि हे सगळं करणारा माणूस आजही ग्रुपवर रोज सकाळी बिबट्याचे फोटो टाकतो आणि लोक त्याला लाइकचे अंगठे देतात.

हा कुणी केवायसीसाठी फोन करणारा अनोळखी चोर नव्हता. ताडोबाला नेहमी जाणाऱ्यांच्या एका ग्रुपवर आमचे हे बरीच वर्षं आहेत, हा तिथलाच. मोहर्ली गेटबाहेर आम्ही त्याच्याबरोबर चहा घेतलेला आहे. त्याचे वाघाचे फोटो त्याने स्वतः काढलेले, खरे. दर ऑगस्टमध्ये तो मंडळी घेऊन माराला जातो हेही खरं, आणि जाऊन आलेली मंडळी त्याच ग्रुपवर सिंहांचे फोटो टाकत होती तेही आम्ही बघत होतो. मग शंका कुठून घ्यायची? त्या आधीच्या लोकांपैकी दोघांनी आमच्यासारखेच गेटवर दुसऱ्यांदा पैसे भरले होते, हे मला परत आल्यावर कळलं. एकाने सांगितलं, "वहिनी, लोक काय म्हणतील म्हणून बोललो नाही." त्यांच्या त्या न बोलण्यावर आमचे पैसे गेले. म्हणून मी हे लिहिते आहे, कोण काय म्हणेल ते म्हणो.

माणशी दर २,१५,००० सांगितला. बाकी ठिकाणी चौकशी केली होती, तिथे ऑगस्टसाठी ३,६०,००० ते ४,१०,००० सांगत होते. "एवढं स्वस्त दिसल्यावर कळलं नाही का" हा प्रश्न मला नातेवाइकांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी विचारला. मोठ्या कंपन्यांचा ऑफिसचा खर्च, जाहिरातीचा खर्च, टूर मॅनेजरचा पगार, हे सगळं आमच्याकडे नाही, मी थेट तिथल्या ऑपरेटरशी बोलतो, असं त्याने सांगितलं होतं. हे कुणालाही पटेल असंच आहे. ताडोबातही थेट जिप्सीवाल्याशी ठरवलं की स्वस्त पडतं, हे आपण सगळे करतोच.

पैसे तीन हप्त्यांत गेले. बुकिंगचे १,००,००० यूपीआयने, नंतर ३,६०,००० एनईएफटीने, आणि निघायच्या आधी उरलेले ४,००,०००. खातं त्याच्या पत्नीच्या नावाचं, बचत खातं. कारण काय, तर "फर्मच्या खात्यात घेतले तर जीएसटी आणि टीसीएस लावावा लागेल, तुमचे ८६,००० वाचवतो". त्या वेळी परदेशी टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी आणि दहा लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस (टूरवाल्याने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारात भरायचा प्राप्तिकर) होता, त्यामुळे आकडा बरोबरच होता. त्याने सांगितलं नाही ते हे: टीसीएस हा खर्च नाहीच. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, २६एएस या प्राप्तिकराच्या विवरणात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणजे तो आमचे पैसे वाचवत नव्हता, आमच्या व्यवहाराची सरकारी नोंद होऊ देत नव्हता. जो टूरवाला टीसीएस "वाचवून" देतो म्हणेल त्याच्यापाशी एक मिनिटही थांबू नका. जीएसटी नंबर मागा, जीएसटी पोर्टलवर टाका, फर्मचं नाव आणि खात्याचं नाव एकच आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पिवळ्या तापाच्या लशीचं तर ऐका. केन्याहून परत येताना त्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आमचे हे साठीच्या पुढचे, म्हणून मी चौकशी करत होते. तर हा म्हणाला, "कशाला सुई टोचून घेताय, माणशी २,५०० द्या, पिवळं कार्ड घरी येईल." मी सरळ नाही म्हटलं. आम्ही डॉक्टरांचा सल्ला घेऊन सरकारी केंद्रावर ३०० रुपयांत रीतसर लस घेतली. ईटीए म्हणजे केन्यात प्रवेशाची ऑनलाइन परवानगी, तिचे त्याने माणशी ६,००० सांगितले. सरकारी फी ३० डॉलर आहे हे बघून तोही अर्ज मी स्वतः केन्या सरकारच्या साइटवर भरला. हे एवढ्यासाठी सांगते की आम्ही डोळे मिटून बसलेली माणसं नव्हतो. प्रत्येक कागद मी वाचत होते.

आणि वाचत होते म्हणूनच त्या एका ओळीचा जास्त त्रास होतो. त्याने पाठवलेल्या पीडीएफमध्ये, जेवणखाण, गाडी, तंबू या सगळ्यांच्या खाली एक ओळ होती: "पार्क फी १०० डॉलर प्रतिदिन समाविष्ट." रात्री जेवणं आटोपल्यावर मी टेबलावर बसून एकेक ओळ मोबाइलवर पडताळत होते. मसाई मारा राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, असे दर २०२४पासून लागू झाले आहेत. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, फक्त बारा तासांचं. आम्ही जाणार ऑगस्टमध्ये. म्हणजे माणशी रोजचे २०० डॉलर. मी ते बघितलं, माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही आकडे होते, आणि मी त्याला तिथल्या तिथे व्हॉइस मेसेज टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "ताई, दोनशे हा एकट्यादुकट्याने गेटवर येणाऱ्यांचा रेट. आपला ग्रुप रेट आहे, ऑपरेटरला शंभरच पडतात." तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. आवाज इतका शांत की दुसऱ्या कुणालाही खरंच वाटलं असतं.

मला का पटलं तेही सांगते. आपल्याकडे जिप्सीचं परमिट गाडीमागे असतं, सहा जणांत वाटून घेतलं की माणशी कमी पडतं. जंगलाची फी म्हटली की ती माणसं वाढवल्यावर कमी होते, हे ताडोबा-पेंच करणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मारात फी माणशी आहे, चार जण गेले तर चारपट. हे त्याला पक्कं माहीत होतं आणि आपली सवयही माहीत होती. साधं गणित होतं. सहा दिवसांची फीच माणशी १,२०० डॉलर, म्हणजे एक लाख पाच हजार रुपये. विमानाचं तिकीट सत्तेचाळीस हजार. २,१५,००० मधून हे दोन वजा केले की उरतात ६३,०००, आणि त्यात सहा रात्रींचा तंबू, तिन्ही वेळचं जेवण, लँड क्रूझर, डिझेल, ड्रायव्हर आणि त्याचा नफा बसूच शकत नाही. कागदाच्या एका कपट्यावर होणारी वजाबाकी! ती त्या रात्री झाली असती तर शेवटचे ४,००,००० खात्यातच राहिले असते. पण ज्याने आम्हाला व्हॉइस मेसेजवर तोंड भरून खोटं सांगितलं त्याचा दोष आधी आहे, माझ्या वजाबाकीचा नंतर. हे मी सगळ्यांना ठणकावून सांगते, तुम्हालाही.

विमानाची तिकिटं खरी निघाली, नैरोबी विमानतळावर पाटी घेऊन ड्रायव्हरही उभा होता. तोवर सगळं ठीक. पीडीएफमध्ये तालेक नदीकाठी, राखीव क्षेत्राच्या आत तंबू लिहिले होते. नैरोबीहून पाच-सहा तासांच्या प्रवासानंतर, नारोक मागे टाकून, गाडी थांबली ती सेकेनानी गेटच्या बाहेरच्या एका साध्या कॅम्पसमोर. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, बुकिंग इथलंच आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे गेटवर गेलो. खिडकीतल्या माणसाने कार्डाचं मशीन पुढे केलं, त्यावर ८०० डॉलर टाकलेले. चौघांचे, एका दिवसाचे. मी म्हटलं, आमचे भरलेले आहेत. त्याने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने खिशातून मोबाइल काढून आमच्यासमोर धरला. त्याच्या मालकाचा आणि आपल्या या गृहस्थांचा पत्रव्यवहार होता: डिपॉझिट १,५०० डॉलर मिळाले, बाकी आणि पार्क फी "पाहुणे येऊन रोख देतील". आमच्या मागे गाड्यांची रांग, हॉर्न नाही की आरडाओरडा नाही, सगळे नुसते बघत होते. नणंदेच्या यजमानांनी मान खाली घातली ती गेट ओलांडेपर्यंत वर केली नाही. त्या माणसाने काय चोरलं हे पैशात सांगता येणार नाही म्हणतात, पण मी पैशातच सांगते: विमानाची तिकिटं १,८८,४०० आणि डिपॉझिटचे १,३१,२५० वजा जाता ५,४०,३५० रुपये त्याच्या पत्नीच्या खात्यात राहिले.

परत फिरलो असतो तर सगळंच गेलं असतं, म्हणून सहाऐवजी तीन दिवस करायचे ठरवले. फीचे २,४०० डॉलर, गाडी आणि कॅम्पच्या हिशोबातले राहिलेले १,१४० डॉलर. फॉरेक्स कार्डावर १,५०० होते, उरलेले क्रेडिट कार्डावर, त्यावर बँकेचा मार्कअप आणि त्यावर जीएसटी. तिथल्या ऑपरेटरबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने हिशोब कागदावर मांडून दाखवला, पावत्या दिल्या, आणि तुमच्या देशातला माणूस आमच्याही पैशांना वेळ लावतो असं सांगितलं. ड्रायव्हर तर देवमाणूस.

तंबू आत आहे की बाहेर, याला काय एवढं महत्त्व, असं वाटत असेल तर नदीवरचा प्रसंग सांगते. मारा नदी ओलांडायला काठावर विल्डबीस्ट, म्हणजे गायीसारखी दिसणारी मोठी हरणं, जमले होते. हजारोंनी, काळी कड हलत होती. पुढे चार-पाच झेब्रे. एक झेब्रा उतारावरून खाली आला, पाण्याला तोंड लावलं, दचकला, मागे फिरला, त्याच्यामागे सगळा कळप धूळ उडवत मागे. परत पुढे. असं चालू असताना ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं. तिकीट सहापर्यंतचं, आणि आमचं गेट नदीपासून दीड-दोन तासांवर. ज्यांचे तंबू आत होते त्यांच्या गाड्या तिथेच थांबल्या. आम्ही निघालो. संध्याकाळी कॅम्पवर दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळलं की आमच्यामागे अर्ध्या तासात कळप नदीत उतरला. आमच्या ह्यांनी ज्या एका दृश्यासाठी निवृत्तीच्या पैशातून लेन्स घेतली होती ते दृश्य त्या माणसाने तंबूचं भाडं वाचवण्यापायी घालवलं. आणि याच माणसाने पीडीएफमध्ये "क्रॉसिंगची हमी, न दिसल्यास २५ टक्के परत" असं लिहिलं होतं, क्रॉसिंग म्हणजे हेच नदी ओलांडणं. क्रॉसिंगची हमी कुणीही देऊ शकत नाही. जनावरं काठावर तास न् तास उभी राहून परत जातात. हमी देणारा भेटला की समजा तो जंगल विकत नाही, तुमची हौस विकतो.

परत आल्यावर पहिले काही दिवस तो फोन घेत होता. डॉलर वाढला, ऑपरेटरने मलाच फसवलं, मुलीची ॲडमिशन आहे, महिनाअखेर देतो. नंतर म्हणाला ५०,००० देतो, पण ग्रुपवर "सगळं मिटलं" असं लिहा. मी नाही म्हटलं आणि त्याने ब्लॉक केलं. मी ग्रुपवर पावत्यांसकट सगळं लिहिलं, तर ॲडमिनने मेसेज काढून टाकला. "वैयक्तिक वाद इथे नको, ग्रुपचं वातावरण बिघडतं." पाच लाखांवर डल्ला मारणाऱ्याने वातावरण बिघडत नाही, ते सांगणाऱ्या बाईने बिघडतं.

पोलिसांचं आता. आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो, तर समोरच्या साहेबांनी पहिलं वाक्य उच्चारलं: "जाऊन आलात ना? सिंह बघितले ना? मग फसवणूक कुठली?" मी पीडीएफ, पावत्या, व्हॉइस मेसेज समोर ठेवले. म्हणाले दिवाणी मामला आहे, वकील गाठा. मग म्हणाले त्याचं ऑफिस दुसऱ्या शहरात, तिकडे जा. तिकडे गेलो, पावसात, आमच्या ह्यांचा गुडघा दुखत असताना. तिकडचे म्हणाले पैसे तुमच्या शहरातून गेले, गुन्हा तिकडचा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो, हद्दीचं कारण सांगता येत नाही, हे मी घरी वाचून गेले होते. ते म्हटल्यावर हवालदारांनी विचारलं, "मॅडम वकील आहात का?" नाही, वकील नाही, पैसे गेलेली बाई आहे! मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. तिथे सांगितलं की तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वतःहून पाठवलेत आणि बरेच दिवस झालेत, लगेच कळवलं असतं तर रक्कम गोठवता आली असती. लगेच म्हणजे कधी? पैसे मे महिन्यापासून जात होते आणि फसवणूक कळली ती ऑगस्टमध्ये गेटवर. बँकेत गेलो तर ओटीपी तुम्हीच टाकला ना, एवढंच. प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाला आमची चूक कुठे झाली ते शोधायचं होतं, त्या माणसाचं खातं कुणालाच बघायचं नव्हतं. वय झालेली चार माणसं या टेबलावरून त्या टेबलावर फिरवायची, थकली की गप्प बसतात, यावरच असे लोक जगतात.

आम्ही थकलो नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली लेखी तक्रार दिली, पोच घेतली. ठाणं गुन्हा नोंदवत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)प्रमाणे पोलिस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवता येते, तीही वरिष्ठांकडे पाठवली. त्यानंतरही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एका वकिलांनी ग्राहक तक्रारीसाठी ३५,००० मागितले. मी स्वतः ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार भरली. पाच ते दहा लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी २०० रुपये आहे, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्याच्या शहरात जावं लागत नाही. हे मला कुठल्याही ठाण्यात कुणी सांगितलं नाही. नोटीस निघाली आहे, तारीख पडली आहे, तो पहिल्या तारखेला आला नाही. चॅट काढून टाकू नका, फोन बदलू नका: व्हॉट्सॲपचा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा.

आणि बुकिंग करणाऱ्यांनो, शेवटचा हप्ता द्यायच्या आधी तिथल्या ऑपरेटरचं नाव मागा. देत नसेल तर पैसे देऊ नका. नाव मिळालं की तो केन्याच्या टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचा परवानाधारक आहे का ते बघा, केन्या असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सच्या यादीत आहे का ते बघा, आणि त्यालाच थेट ईमेल करून विचारा: आमच्या नावाने किती पैसे पोचले, कॅम्प कुठला, गेटच्या आत की बाहेर, पार्क फी कोण भरणार. आम्हाला ड्रायव्हरच्या मोबाइलवर जे दिसलं ते या एका ईमेलने महिनाभर आधी घरबसल्या दिसलं असतं.

आता त्याने फेब्रुवारीच्या टांझानिया टूरची जाहिरात टाकली आहे. एनडुटूला विल्डबीस्टची पिल्लं जन्मतात त्या मोसमाची, माणशी २,४०,०००, पुन्हा "ग्रुप रेट", आणि खाली पैसे पाठवायला तेच बचत खातं. ज्यांनी बुकिंगचे पैसे दिले असतील त्यांनी दुसरा हप्ता थांबवा आणि मला मेसेज करा. पावत्या, पीडीएफ आणि तो व्हॉइस मेसेज, मागेल त्याला मी पाठवते.